सराफी पेढीचं नवं रूप : सगळ्यात चांगली जागा जुनं सोनं मोडण्याच्या टेबलाला द्यावी का?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

दुकानांची अंतर्गत सजावट हे माझं काम. सध्या पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली जुनी सराफी पेढी नव्यानं करायला घेतली आहे. तळमजला आणि वर पोटमाळा, रुंदी कमी, खोली जास्त, दर्शनी बाजू उत्तरेला. पेढी आता तिसऱ्या पिढीच्या हातात आहे. धाकट्या मालकांनी मुंबई-पुण्याची मोठी दुकानं पाहिली आहेत, न्यूयॉर्कच्या टिफनीसारख्या परदेशातल्या दागिन्यांच्या दुकानांचे व्हिडिओ पाहिले आहेत. त्यांचं म्हणणं एकच, गिऱ्हाईक आत आलं की बाहेरचं सगळं विसरलं पाहिजे. मला ही अपेक्षा मनापासून आवडली. ती पुरी कशी करायची यावर मात्र आमचं जमत नाहीये, म्हणून हा धागा.

त्यांच्या डोळ्यांसमोर आहे ते असं. दारातून आत आल्यावर थोडा अंधारा बोळ, त्याच्या टोकाला कोनाड्यात उजळलेला शाही हार. एका भिंतीवर एलईडी पडदा आणि त्यावर वितळत्या सोन्याची चित्रफीत. मंद वास, मंद संगीत. पुढे एक दालन नुसत्या नथींचं, एक मंगळसूत्रांचं. यात गैर काहीच नाही. नथीचं दालन तर मी फार आनंदानं करीन.

पण आराखडा काढण्याआधी मी पेढीत एका कोपऱ्यात बसून लोक काय करतात ते बघत होते. लग्नाची खरेदी करायला आलेल्या कितीतरी कुटुंबांबरोबर जुनं सोनं होतं. रुमालात, स्टीलच्या डबीत, पर्सच्या आतल्या कप्प्यात. आजच्या भावात सगळं नवं घेणं किती जणांना झेपतं? जुनं मोडायचं, घट सोसायची, वर मजुरी आणि जीएसटी भरायचा, तेव्हा कुठे मुलीच्या अंगावर काही घालता येतं. पेढीतला सगळ्यात अवघड व्यवहार हा, आणि त्याला जागा दिली आहे जिन्याखाली.

माझ्यासमोर एका बाईंनी सासूबाईंच्या पाटल्या आणि एक जुना साज काढून दिला. कारकून तो घेऊन पडद्यामागे गेला. बाई पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या, कारण तिथे बसायला स्टूलसुद्धा नव्हतं. थोड्या वेळानं तो एक चपटी लगड आणि वजनाची चिठ्ठी घेऊन आला. बाईंनी विचारलं, "साजाच्या मण्यांत लाख होती, ती वजनातून किती गेली?" तो खरं तेच सांगत होता, पण त्यांनी डोळ्यांनी काहीच पाहिलेलं नव्हतं. घरी जाऊन त्या काय सांगणार?

भिंतीवर वितळत्या सोन्याची चित्रफीत लावायची आणि गिऱ्हाइकाचं स्वतःचं सोनं वितळतं ते पडद्याआड ठेवायचं, हे मला पटत नाही. माझा प्रस्ताव असा आहे की उत्तरेच्या खिडकीजवळची, सगळ्यात चांगल्या उजेडाची जागा मोडीला द्यावी. तिथे ऐसपैस टेबल, चार खुर्च्या, वजनकाटा दोन्ही बाजूंनी दिसेल असा, शेजारी सोन्याची शुद्धता सांगणारं कॅरेटमीटर आणि काचेच्या आड वितळवण्याची छोटी खोली. आधीचं वजन, काढलेले खडे, लाख, वितळल्यानंतरची लगड, तिचं वजन, सगळं बसल्या जागेवरून दिसावं.

मालकांना वाटतं की दुकानाचं तोंडच असं मोडीला दिलं तर थाट जाईल. तुमच्यापैकी कुणी पेढीवर वाढलंय, कुणी या व्यवसायात आहे, कुणी नुकतीच लग्नाची खरेदी केली आहे. मोकळेपणानं लिहा.

सराफांची लेक

उंबरठा ताई, विषय अगदी घरचा निघाला.

आमची पेढी गादीची होती. पांढरीशुभ्र चादर, लोड, तक्के. चपला बाहेर काढून वर बसायचं. आजोबा डाग, म्हणजे दागिना, दाखवताना तो गुलाबी कागदावर ठेवायचे. त्या कागदावर सोन्याचा रंग असा काही खुलायचा की मखमलीचे डबे त्यापुढे फिके पडायचे. आणि चादर पांढरी का, तर मोहनमाळेतला एखादा मणी ओघळला तरी लगेच दिसावा. त्या बैठकीत घाई नावाची गोष्ट नव्हती. चहा यायचा, गावाकडची चौकशी व्हायची, मग डबे उघडायचे. ते सगळं नव्या दुकानात जसंच्या तसं येणार नाही, गुडघ्यांच्या दुखण्यानं तर मुळीच नाही. पण समोरासमोर, एकाच उंचीवर बसून बोलणं तरी येऊ द्या. काउंटरपलीकडे विक्रेता उभा आणि अलीकडे गिऱ्हाईक खाली बसलेलं, हे मला आजही खटकतं.

तुमच्या प्रस्तावातल्या एका गोष्टीला मात्र ठाम विरोध. मोड खिडकीपाशी नको! तालुक्याच्या गावात सोनं मोडायला आलेलं कुणी पाहिलं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. लग्नासाठी मोडलं की दवाखान्यासाठी, कर्जासाठी, हे कुणी विचारत बसत नाही. आमच्याकडे लोक दुपारी तीनच्या सुमारास, बाजार सुस्त असताना यायचे ते त्याचसाठी. पडद्यामागे सोनं नेणं चूक, हे शंभर टक्के मान्य. पण माणसाला आडोसा हवाच. सोनं गिऱ्हाइकाला दिसावं, गिऱ्हाईक रस्त्याला दिसू नये.

पाऊलवाट

सराफांची लेक यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. माझ्या आईनं माझ्या शिक्षणाच्या वेळी गोठ मोडले तेव्हा ती मुद्दाम दुसऱ्या गावच्या पेढीवर गेली होती.

कानस

मी कारागीर आहे, घडणीचं काम करतो. वितळवण्याची खोली काचेची करताय हे चांगलं आहे, पण धुराची सोय आधी बघा. जुन्या दागिन्यांत केडीएमची झाळ असते, म्हणजे सांधे जोडायला वापरलेलं कॅडमियमचं मिश्रण. ते तापलं की त्याची वाफ होते आणि ती फुप्फुसाला फार वाईट. एवढ्याशा बंद खोलीत रोज ते काम करणारा पोरगा किती वर्षं टिकेल? मुशीच्या, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्याच्या, बरोबर वर, अगदी जवळ, ओढून घेणारं धुराडं पाहिजे आणि त्याचं तोंड छताच्या वर. खिडकीत साधा पंखा बसवून भागत नाही.

गॅसची बंदूक वापरणार की इंडक्शनची भट्टी, तेही आता ठरवा. इंडक्शनला उघडी ज्योत नाही, पण पाण्यानं थंड ठेवायची सोय लागते आणि विजेचा भार वेगळा काढावा लागतो. सोनं १०६४ अंशाला वितळतं, दागिन्यात चांदी-तांबं असल्यामुळे थोडं आधीच. सवागी (टाकणखार) टाकली की वरचा मळ बाजूला होतो आणि मुशीत सोनं आरशासारखं फिरायला लागतं. ते बघायला लोकांना फार आवडतं, मी पाहिलंय. लहान मुलं तर काचेला नाक लावून उभी राहतात.

वजनकाट्यावर एसीचा झोत येता कामा नये. मिलिग्रॅमपर्यंतचा काटा वाऱ्यानं हलतो, म्हणून तर त्याला काचेचं झाकण असतं. झाकण उघडं ठेवून वजन केलं आणि आकडा नाचला, की समोरच्याच्या मनात शंका आलीच.

आणि कॅरेटमीटरवर सगळा भरवसा टाकू नका. ते यंत्र क्ष-किरणांनी वरचा पातळ थर बघतं. जाड मुलामा असेल, आत झाळ जास्त असेल तर आकडा वेगळा येतो. म्हणून वितळवून लगडीवर पुन्हा तपासायचं. दोन्ही आकडे गिऱ्हाइकाला दाखवायचे, फरक का पडला ते सांगायचं.

शेवटचं. त्या खोलीची फरशी बिनसांध्याची घ्या आणि हात धुवायच्या बेसिनखाली गाळ साठायची टाकी ठेवा. सराफ कट्ट्यावरची माती धुऊन झारेकरी लोक पोट भरत आले ते उगाच नाही. केरात सोनं असतं.

उंबरठा

सराफांची लेक, तुमचा मुद्दा वाचला आणि आराखडा परत उघडला. दर्शनी भिंतीची उंची चौदा फूट आहे. मोडीचं टेबल तिथेच ठेवून खिडकीची तळरेघ सात फुटांच्या वर घेतली तर? उत्तरेचा उजेड वरून टेबलावर उतरेल, रस्त्यावरून आतलं माणूस दिसणार नाही. टेबल आणि दुकानाचा बाकी भाग यांमध्ये साडेचार फुटांची भिंत, म्हणजे बसलेलं माणूस आडोशाला आणि उभा असलेला पेढीचा माणूस दोन्हीकडे लक्ष ठेवू शकतो. आत यायला मुख्य दाराजवळूनच डावीकडे वळायचं, सगळं दुकान ओलांडायला नको.

कानस दादा, कॅडमियमचं खरंच माझ्या यादीत नव्हतं. धुराड्याचं काम आता सगळ्यात आधी.

लुमेन

प्रकाशयोजना हे माझं क्षेत्र, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सोन्याला २७०० ते ३००० केल्विनचा उबदार प्रकाश मानवतो. हिऱ्याला आणि चांदीला ४००० किंवा त्याहून थंड. त्यामुळे एकाच रंगाचे दिवे दुकानभर लावले की कुणावर तरी अन्याय होतो. रंग खरे दिसण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या वरच घ्या आणि दिवे विकणाऱ्याला आर-नाइनचा आकडा वेगळा विचारा. तो लाल रंगाचा असतो. माणिक, कुंकू, लाल काठाची साडी आणि आपल्या त्वचेचा रंग, सगळं त्यावर ठरतं. नुसता सीआरआय चांगला असूनही आर-नाइन वाईट असू शकतो आणि मग आरशात नवरी फिकट दिसते.

हिऱ्याला बिंदूसारखे छोटे, तीव्र दिवे लागतात. छतभर पसरलेला दुधी प्रकाश पडला की त्यातले इंद्रधनुषी कण दिसतच नाहीत. मोत्याचं उलट आहे, त्याची झळाळी मऊ, पसरट प्रकाशात खुलते. नथीचं दालन करताय ना? नथीत मोती मुख्य, मध्ये एखादा माणिक किंवा पाचू. तिथे मऊ प्रकाश ठेवा आणि एकच बारीक झोत खड्यावर. बोळ काळाकुट्ट आणि कोनाडा लखलखीत असं केलं तर वयस्कर माणसांचे डोळे दिपतात, पायरी दिसत नाही. आजूबाजूला जेवढा उजेड आहे त्याच्या तिप्पट-चौपट कोनाड्यात असला तरी नजर तिथेच जाते.

आरशावर वरून दिवा मारू नका, डोळ्यांखाली सावल्या पडतात. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे ठेवा. आणि दिव्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर न लुकलुकणारे घ्या, कारण आजकाल प्रत्येक दागिन्याचा फोटो काढून मावशीला, आत्याला पाठवला जातो. स्वस्त एलईडीखाली फोनच्या पडद्यावर काळे पट्टे येतात आणि निर्णय तिथेच लांबतो.

आता मुख्य गोष्ट. उबदार प्रकाशात १८ आणि २२ कॅरेटच्या रंगातला फरक डोळ्याला कमी कळतो. म्हणून दुकानात एक जागा अशी हवीच जिथे दागिना खऱ्या दिवसाच्या उजेडात बघता येईल. साडीच्या दुकानात आपल्या बायका साडी दारापर्यंत नेऊन रंग बघतात, सोनं घेऊन तसं दारात जाता येत नाही. उत्तरेचा उजेड दिवसभर बराचसा सारखा राहतो, थेट ऊन फारसं येत नाही, रत्नपारखी पिढ्यान्‌पिढ्या त्याच उजेडात खडे बघत आले. तुमच्याकडे उत्तर आयती आहे. ती खिडकी मोडीबरोबर नव्या दागिन्यालाही मिळू दे.

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत असते. टिफनीचा उल्लेख आला म्हणून लिहिते. फिफ्थ ॲव्हेन्यू आणि ५७ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं ते १९४० पासूनचं दुकान एप्रिल २०२३ मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा उघडलं. आतलं काम वास्तुरचनाकार पीटर मरीनो यांचं. दहा मजले, तळमजल्यावर कमानींमध्ये बसवलेले पडदे आणि त्यांवर शहराचं दृश्य. बघताना भान हरपतं हे खरं. पण त्या मापाची नक्कल एवढ्याशा पेढीत केली तर पडदाच तेवढा उरेल.

घ्यायचं असेल तर त्याच दुकानाची दुसरी गोष्ट घ्या. जीन मूर नावाचे सजावटकार १९५५ पासून जवळजवळ चाळीस वर्षं तिथल्या लहान लहान खिडक्या सजवत होते. मौल्यवान हिऱ्याशेजारी ते घरातल्या साध्या वस्तू मांडायचे आणि रस्त्यावरची माणसं थांबायची. आपल्याकडे तर असल्या जोड्यांची खाण आहे. बकुळीहाराशेजारी सुकलेली बकुळीची फुलं, जोंधळी पोतीशेजारी ज्वारीचं खरं कणीस, बोरमाळेजवळ मूठभर बोरं. खर्च नगण्य, ऋतू बदलेल तशी खिडकी बदलेल आणि शाळेतून घरी जाणारी पोरं रोज बघायला येतील.

मेंदी

माझं लग्न डिसेंबरात आहे, सध्या खरेदी चालू आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते.

मोडीचं सगळं पटलं. पण माझ्यासारख्या मुलीही येतात ज्यांच्याकडे मोडायला काही नसतं. पगारातून साठवून एक हलकं मंगळसूत्र, एक अंगठी घ्यायची असते. आम्हाला थाट हवा असतो. आयुष्यात एकदा होणारी गोष्ट आहे, तेव्हा ती जागा सुंदर असावी, तिथे पाऊल टाकल्यावर छातीत धडधडावं असं वाटतं. त्यामुळे धाकट्या मालकांना एकदम खोडून काढू नका. नथीचं दालन खरंच करा. तिथे नथ नाकात घालून बघायची सोय करा, कारण ती प्रत्येकीच्या चेहऱ्याला वेगळी दिसते. नाक टोचलेलं नसेल तर चापाच्या नथी हाताशी ठेवा. साडीचा एक पदर खांद्यावर घ्यायला ठेवा, कारण जीन्स-टॉपवर तन्मणी कसा दिसतो त्यावरून काहीच कळत नाही.

दोन बारीकसारीक गोष्टी. कानातलं घालताना फिरकी हमखास खाली पडते. आम्ही गेलो होतो त्या एका दुकानात ठिपक्यांचा ग्रॅनाइट होता, चौघं गुडघ्यांवर बसून शोधत होतो, सापडली नाहीच. फरशी एकरंगी, फिकी घ्या आणि फर्निचर जमिनीपर्यंत बंद करा, खाली फट ठेवू नका. दुसरं म्हणजे, आमच्याबरोबर आजी, आत्या, दोन लहान भाचरं असे सात जण असतात. खुर्च्या दोनच असतात. आजीला निवांत बसून बघता येईल अशी हाताची खुर्ची ठेवा, कारण शेवटचं "हो" तीच म्हणते.

उंबरठा

मेंदी, पदराची कल्पना ताबडतोब उचलली. हलका, जरीकाठी, चार-पाच रंगांत ठेवू.

वस्तुसंग्रह

संग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचं काम करतो. शोकेस बनवताना एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आणि ताजे चिकटद्रव्य वापरलं की त्यातून वायू निघत राहतात, बंद कपाटात साठतात. लोकरी फेल्टमध्ये गंधक असतं, त्यानं चांदी काळवंडते. हुपरीचे पैंजण, जोडवी, चांदीची भांडी ठेवणार असाल तर आतलं अस्तर सुती घ्या, रंगवलेली शोकेस काही आठवडे उघडी ठेवून मग भरा. मोत्यांच्या कपाटात दिव्याची उष्णता साठू देऊ नका, कोरड्या उष्णतेनं मोती निस्तेज होतात.

कोल्हापुरी साजासाठी एक सुचवतो. मासा, कासव, चंद्र अशी त्याची पानं इतकी बारीक असतात की शोकेसमध्ये नुसता सोनेरी पुंजका दिसतो. एक साज सपाट मांडून त्यावर फिरवता येणारं मोठं भिंग बसवा. एलईडी पडद्यापेक्षा लोक तिथे जास्त रेंगाळतील.

सराफांची लेक

भिंगावरून आठवलं. हॉलमार्कसाठी दहा पटीचं भिंग दुकानात ठेवावंच लागतं, पण ते बहुतेक ठिकाणी गल्ल्याच्या खणात असतं. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय, हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो आकडा नुसत्या डोळ्यांनी धड वाचता येत नाही. प्रत्येक टेबलावर दिव्यासकट भिंग जोडून टाका आणि विक्रेत्यानं आपणहून म्हणावं, "घ्या, वाचा, फोनवर बीआयएस केअर ॲपमध्ये घालून बघा." नव्वदच्या दशकात तनिष्कनं कॅरेटमीटर गिऱ्हाइकासमोर आणला, तेव्हा लोक घरचे दागिने घेऊन तपासायला गेले. सजावट बघायला नव्हते गेले. आपलं सोनं खरं किती, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला गेले होते.

तिजोरी

बँकेत लॉकर आणि सुरक्षेचं काम केलंय. रोज रात्री सगळे ट्रे शोकेसमधून तिजोरीत जातात आणि सकाळी परत मांडले जातात, हे डिझाइन करणारे हमखास विसरतात. सगळ्या शोकेसचे ट्रे एकाच मापाचे करा आणि ते माप तिजोरीच्या फळीवरून ठरवा. नाहीतर मांडणी कितीही देखणी असली तरी महिन्याभरात कर्मचारी कंटाळून अर्ध्या शोकेस रिकाम्या ठेवतील. तिजोरी पोटमाळ्यावर नको, तिचं वजन जुन्या तुळयांवर टाकू नका. वरच्या खिडकीला लॅमिनेटेड काच आणि आतून गज, दोन्ही.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. काल मालक, धाकटे मालक आणि त्यांच्या आईसाहेब यांच्याबरोबर बसले, हा धागा त्यांना वाचून दाखवला. आईसाहेबांनी सराफांची लेक यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

ठरलेलं असं. अंधारा बोळ गेला. एलईडी पडदाही गेला, त्याचे पैसे धुराडं, इंडक्शनची भट्टी आणि उंच खिडकी यांत जातील. नथीचं दालन राहिलं, लुमेन यांनी सांगितलेल्या प्रकाशात. धाकट्या मालकांनी दर्शनी खिडकीची जबाबदारी आपणहून घेतली, बकुळीची फुलं मिळवायला ते आजच निघाले आहेत. मोडीचं टेबल डावीकडे, उंच खिडकीखाली, आडोशाच्या भिंतीआड, आणि दुपारी त्याच टेबलावर खड्यांचे दागिने दिवसाच्या उजेडात दाखवायचे.

एका गोष्टीवर अजून अडलंय. आईसाहेब म्हणतात की वितळवताना बघायचं नसेल अशीही माणसं असतात. आईचा दागिना मुशीत जाताना बघवत नाही. त्यांच्यासाठी काचेला आतून ओढायचा पडदा ठेवावा का, की खुर्ची वळवून ठेवली तर पुरे? पडदा ठेवला तर तो ओढायचा अधिकार फक्त गिऱ्हाइकाच्या हातात हवा, म्हणजे दोरी टेबलाच्या त्या बाजूला.

कानस

दोरी गिऱ्हाइकाच्याच बाजूला ठेवा, पण पडदा काचेच्या अलीकडे, दुकानाच्या बाजूनं. आत भट्टीजवळ कापड अजिबात नको. आणि वितळवायच्या आधी डागाचा एक फोटो काढून द्या. आमच्या गावातल्या एका पेढीवर देतात, लोक मागून घेतात.